व्हिडिओ टाकला म्हणजे शिकवून झालं का?

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि बघता बघता प्राध्यापकांना निरोप आला, की तास मोबाइलवर घ्या. चंदगडकडचा मुलगा रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर, कागलची मुलगी भावाचा फोन मोकळा व्हायची वाट बघत बसलेली, आणि सर पन्नास मिनिटं काळ्या चौकोनांशी बोलतायत. मधूनच "आवाज येतोय का रे?" आणि पलीकडून एकच "हो सर". ऑनलाइन शिक्षण म्हणजे हेच, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत तिथून झाली आणि ती अजून गेलेली नाही. त्यामुळे कॉलेजच्या सूचनाफलकावर स्वयम्, मूडल, क्रेडिट बँक (पदवीसाठी मिळवलेली क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा ठेवायचं खातं) असले शब्द दिसले की विद्यार्थी आणि पालक दोघेही सावध होतात.

तेव्हा झाली ती आपत्कालीन सोय होती. वर्गातला तास जसाच्या तसा उचलून पडद्यावर ठेवला, एवढंच. नीट आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार व्हायला महिने लागतात आणि तो तासासारखा दिसतही नाही. तो आतून कसा चालतो ते इथे बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो: या सगळ्या पसाऱ्यात व्हिडिओला आपण फार भाव दिलाय. मुलांना नेमकं काय कळलेलं नाही, हे परीक्षेच्या आधी शिक्षकाला दिसलं तरच हे तंत्रज्ञान कामाचं. नाहीतर नुसता डेटा संपतो.

थेट आणि सवडीचं

ऑनलाइन शिकण्याचे ढोबळ दोन प्रकार. एक थेट: शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी हजर, झूम किंवा गूगल मीटवर. दुसरा सवडीचा: व्हिडिओ, टिपणं, प्रश्न आधीच ठेवलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या वेळेला ते करायचे. लॉकडाउनमध्ये आपण जवळजवळ सगळं थेट केलं, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या भूगोलाला तेच सगळ्यांत कमी मानवणारं आहे. इचलकरंजीत किंवा राजारामपुरीत नेट बरं असतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरकपारीत पावसाळ्यात वीजच दिवसदिवस नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुण्या-बंगळुरूच्या महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. एरवीसुद्धा जून ते सप्टेंबर कुठला ना कुठला बंधारा पाण्याखाली असतो आणि त्या बाजूची एसटी बंद. अशा ठिकाणी अकरा वाजता सगळ्यांनी एकदम ऑनलाइन या, असं म्हणणं म्हणजे काही मुलं येणार नाहीत हे आधीच मान्य करणं.

सवडीच्या साहित्यात हा प्रश्न बराच सुटतो, पण ते हलकं हवं. एक साधा हिशोब करून बघा. नुसता आवाज ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट) साठवला तर तासाभराला सुमारे २९ एमबी लागतात. साधारण बऱ्या दर्जाचा व्हिडिओ ५०० केबीपीएसने धरला तर तोच तास २२५ एमबीचा होतो. इतिहासाचं किंवा मराठी साहित्याचं व्याख्यान असेल तर सरांचा चेहरा तासभर दिसायची गरज आहे का? आवाजाची फाइल आणि सोबत चार पानांची पीडीएफ दिली, तर पोरगं एसटीत बसून ऐकत जाईल. रसायनशास्त्रातल्या अभिक्रियेच्या पायऱ्या किंवा गणितातली सिद्धता असेल तर मात्र चित्र दिसलंच पाहिजे.

व्हिडिओ करायचाच, तर लहान करा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांमधल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या सत्रांत तरी विद्यार्थी तो सलग बघतात तो वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असं त्यात दिसलं. तयार स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत समजावलेलं जास्त बघितलं जातं, हेही त्याच अभ्यासातलं. म्हणजे फळ्याची आपली जुनी सवय इथे कामाला येते. आणि खर्च करायचा तर कॅमेऱ्यावर करू नका, कॉलरला लावायच्या माइकवर करा. चित्र जरा धूसर असलं तर मुलं चालवून घेतात. मागे कुकरची शिट्टी आणि गल्लीतला डॉल्बी ऐकू आला की बंद करतात.

मूडलच्या आत काय असतं

कॉलेजमध्ये एलएमएस हा शब्द कानावर पडतो. अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर, एवढाच त्याचा अर्थ. गूगल क्लासरूम त्यातलंच, पण अगदी साधं: फाइल टाका, गृहपाठ मागवा, गुण द्या. मूडल त्यापेक्षा खूप खोल जातं. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते २००२ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मात्र लागतो, आणि बहुतेक ठिकाणी अडतं ते या माणसापाशीच. त्याचं मोबाइल ॲप आहे. रेंज असताना धडे उतरवून घ्यायचे, घरी जाऊन वाचायचे, पुन्हा रेंजमध्ये आलं की केलेलं काम वर चढतं.

बहुतेक कॉलेजांत मूडल पीडीएफ ठेवायचं कपाट होऊन बसलंय. त्यातली खरी ताकद प्रश्नमंजूषेत आहे, आणि तिच्याकडेच कोणी फिरकत नाही. ती जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे.

शिक्षक एका प्रकरणावर समजा चाळीस प्रश्न लिहून ठेवतात. प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातले दहा यादृच्छिक पद्धतीने येतात, त्यामुळे शेजारच्याचा पेपर वेगळा. गणिताच्या प्रश्नात आकडेसुद्धा प्रत्येकाला वेगळे देता येतात. उत्तर चुकलं की "चूक" एवढंच न सांगता, तू हा पर्याय निवडलास म्हणजे अमुक गोष्टीत तुझा गोंधळ झालाय, असं त्या त्या पर्यायाला जोडून लिहून ठेवता येतं. हे एकदाच लिहायचं, मग दोनशे मुलांना रात्री अकरालाही ते मिळतं. एकशे वीस जणांच्या वर्गात कुठल्या प्राध्यापकाला वहीवर असं प्रत्येकाला लिहून देणं जमेल?

आता शिक्षकाच्या बाजूने बघा. मुलांनी चाचणी दिली की मूडल प्रत्येक प्रश्नाचं विश्लेषण देतं. किती टक्के मुलांना तो आला, हा एक आकडा. दुसरा आकडा सांगतो, की बाकी चाचणीत पुढे असलेल्यांना तो आला आणि मागे असलेल्यांना अडला, की उलटंच झालं. उलटं झालं असेल, हुशार मुलंच चुकत असतील, तर बहुतेक वेळा प्रश्नातच घोळ असतो किंवा शिक्षकाच्या उत्तरसूचीत चुकीच्या पर्यायावर खूण पडलेली असते. तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची: चुकलेल्यांनी कुठला पर्याय निवडला.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा साधा प्रश्न घ्या. चेंडू सरळ वर फेकला. तो सर्वांत उंच टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? पुष्कळ जण "शून्य" म्हणतात, कारण तिथे वेग शून्य असतो. बरोबर उत्तर: खाली, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, वाटेत सगळीकडे असतं तेवढंच. चुकीची उत्तरं बाकीच्या सगळ्या पर्यायांत विखुरलेली असतील तर मुलं अंदाजपंचे टिकमार्क करतायत. सगळी "शून्य"वर गोळा झाली असतील तर मुलांनी विचार केलाय, पण वेग आणि त्वरण यांची डोक्यात सरमिसळ झालीय. पहिल्या परिस्थितीत पाठ पुन्हा शिकवावा लागतो, दुसरीत पंधरा मिनिटांत गाठ सुटते. हे सरांना सत्र परीक्षेचे पेपर तपासताना डिसेंबरमध्ये कळलं तर काय उपयोग? ऑगस्टमध्ये कळलं पाहिजे.

आठवून बघणं आणि पुन्हा वाचणं

प्रश्नमंजूषेला आपण परीक्षा समजतो. ती शिकण्याचीच एक रीत आहे, आणि तिच्या बाजूचा पुरावा चांगला भक्कम आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडवर चौथ्यांदा पिवळा मार्कर फिरवताना "येतंय मला सगळं" असं का वाटतं, आणि पेपर हातात आल्यावर ते कुठे जातं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

खासबाग मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसून जन्मभर कुस्त्या बघितल्या तरी कोणी पैलवान होत नाही, हे कोल्हापुरात कोणाला समजवायला नको. व्याख्यानाच्या बाबतीत मात्र आपण ते मानत नाही.

यावर २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात एक बोलका प्रयोग झाला. विषय तेच, साहित्य तेच. एका गटाला छान व्याख्यान, दुसऱ्याला गटात बसवून प्रश्न सोडवायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण "तुम्ही किती शिकलात?" असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो! स्वतः झटायला लागलं की कळत नसल्यासारखं वाटतं. कोणीतरी ओघवतं सांगितलं की सगळं कळल्यासारखं. "सर काय शिकवतच नाहीत, सगळं आमच्याकडनंच करून घेत्यात" ही तक्रार म्हणून जरा दमाने ऐकावी. प्राध्यापकांचं मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवर करणाऱ्या प्राचार्यांनी तर जास्तच.

याच विचाराचं वर्गातलं रूप हार्वर्डच्याच एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलं. तासाला मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण निम्म्यांचं बरोबर आलं, तर सरांनी गप्प बसायचं आणि मुलांना म्हणायचं, शेजारच्याला पटवून सांगा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मत घ्यायचं. नुकतंच कळलेला मुलगा शेजाऱ्याला सांगतो तेव्हा ते अनेकदा सरांपेक्षा बरं पोचतं, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं. यासाठी प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन हवा असंही नाही. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये मुलांना छापील कार्डं द्यायची. कार्ड ज्या बाजूने उभं धरलं तो पर्याय. शिक्षकांनी आपल्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. आणि तेही नको असेल तर बोटं वर करा: एक, दोन, तीन, चार. शेजारच्याचं बघून बोट वर करणारे निघतात, हा एवढाच त्याचा दोष.

मग तासाला एवढा वेळ कुठून आणायचा? इथे व्हिडिओला त्याची खरी जागा मिळते. व्याख्या, सूत्राची मांडणी, कवीचा काळ यांसारखं जे नुसतं सांगायचं असतं ते सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत घरी पाठवा, आणि वर्गातला तास गुंता सोडवायला ठेवा. याला उलटा वर्ग म्हणतात. मराठी माध्यमातून बारावी करून इंग्रजीतल्या बी.एस्सी.ला आलेल्या मुलांना याचा आणखी एक फायदा: व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, अडलेला शब्द बघता येतो. भर वर्गात "मॅडम, परत सांगा" म्हणायला पहिल्या वर्षी जीभ रेटत नाही. फक्त मुलं घरी व्हिडिओ बघून येतील हे गृहीत धरू नका. तासाच्या सुरुवातीला दोन प्रश्नांची चाचणी ठेवली नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून कोणीही बघून येत नाही.

स्वयम्: फुकट काय, पैसे कशाचे

स्वयम् हा केंद्र सरकारचा मंच ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. त्यातला अभियांत्रिकी-विज्ञानाचा मोठा भाग एनपीटीईएलचा आहे, म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ पासून चालवलेल्या उपक्रमाचा. स्वयम्‌वरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगं असावी लागतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा. नाव नोंदवणं, बघणं, गृहपाठ करणं सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं तर फी भरून केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यायची. एनपीटीईएलमध्ये गृहपाठाला २५ आणि या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळी किमान अट आहे: २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. नुसत्या परीक्षेच्या जोरावर निघून जाऊ म्हणणारे इथे अडकतात.

हे गुण पदवीत धरले जातात. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमात सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करायची मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. पण नाव नोंदवायच्या आधी कॉलेजात विचारा, की तुमच्या अभ्यास मंडळाने तो अभ्यासक्रम कुठल्या विषयाच्या बदली मान्य केलाय. हे न विचारता बारा आठवडे घाम गाळला, तर प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि क्रेडिट मिळत नाही.

मोठ्या खुल्या अभ्यासक्रमांचं एक कडू सत्यही सांगायला हवं. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांचा हिशोब २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता, आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते. साहित्य जगातलं उत्तम, तरी ही गत. एकट्याने पडद्यासमोर टिकणं अवघड असतं. कॉलेजने स्वयम्‌चा अभ्यासक्रम घेणाऱ्या पाच-दहा मुलांना आठवड्यातून एकदा एका खोलीत एकत्र बसवलं आणि एका प्राध्यापकाला त्यांच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर मुलं टिकायची शक्यता बरीच वाढते. याला वायफायसुद्धा लागत नाही.

पूर्ण पदवीच ऑनलाइन घ्यायची असेल तर तो वेगळा विषय. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांना हे रस्ते जुनेच. पण फोनवर जाहिरात बघून कुठल्यातरी परराज्यातल्या विद्यापीठाला फी भरण्याआधी युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षी, त्या विशिष्ट पदवीला मान्यता आहे का ते बघा. नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती, अभियांत्रिकी या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. कोणी देतो म्हणाला, तर नमस्कार करून फोन ठेवावा.

गृहपाठाचं काय करायचं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि "घरून निबंध लिहून आणा" या प्रकारातला दम गेला. असं लिखाण पकडणारी सॉफ्टवेअर विकली जातात, पण ती निरपराध मुलालाही पकडतात. त्यांच्या भरवशावर कोणाचे गुण कापू नयेत. त्यापेक्षा प्रश्न असा द्यावा की यंत्राला परस्पर उत्तर देता येणार नाही. "भारतातील पाणीप्रदूषण" ऐवजी "तुमच्या गावच्या ओढ्याला सांडपाणी कुठे मिळतं ते जाऊन बघा, नकाशा काढा, दोन लोकांशी बोला." आणि लिखाण हातात घेऊन तीन मिनिटं तोंडी विचारा. प्रयोगशाळेत आपण व्हायवा घेतच आलोय; तो कला शाखेतही आणायला हरकत काय?

आता खर्चाचं. युजीसीच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं आणि वर्कलोड मोजला जातो तो त्यावरच. चाळीस चांगले प्रश्न लिहायला, प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे समजुतीचं वाक्य लिहायला जाणाऱ्या संध्याकाळी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर तासाचेच पैसे मिळतात. त्याने हे फुकट करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण आपल्याकडे एक सोय आयती आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतली संलग्न कॉलेजं, स्वायत्त झालेली सोडली तर, शिवाजी विद्यापीठाचा एकच अभ्यासक्रम शिकवतात. गडहिंग्लजचा आणि कराडचा बी.कॉम.चा पहिल्या वर्षाचा पेपर तोच. मूडलमधले बहुपर्यायी प्रश्न गिफ्ट नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर काढता येतात आणि दुसऱ्या कॉलेजच्या मूडलमध्ये जसेच्या तसे आत घेता येतात. फाइल इतकी लहान की व्हॉट्सॲपवर जाते. म्हणजे एका विषयाच्या आठ प्राध्यापकांनी एकेक प्रकरण वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच प्रश्न येतात, आणि सगळ्यांच्या हाती तीनशे वीस पडतात. सत्र संपल्यावर आपल्या मुलांची आकडेवारी बघून ज्याने त्याने आपल्या प्रकरणातले फसलेले प्रश्न काढून टाकायचे आणि सुधारलेली फाइल पुन्हा बाकीच्यांना पाठवायची.